दाण्याचा हात, सुईचा हात

आमच्या तबेल्यात एक नियम आहे. बाबांनी घातलेला, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जो हात दाणा घालतो, तो हात सुई टोचत नाही. आणि जो सुई टोचतो, त्याने दाण्याच्या डब्याला शिवायचं नाही. बाबा म्हणायचे, घोड्याचा एका माणसावर पुरता भरवसा पाहिजे. तो असला की दुसरं माणूस कितीही वाईट असलं तरी घोड्याचं निभतं.

ते दुसरं माणूस मी.

मी नऊ वर्षांची होते आणि दादा बारा. बाबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं, एका घोडीच्या मानेत सुई मारली आणि घोडीकडे न बघता आमच्या तोंडांकडे बघितलं. दादा रडला. मी नाही रडले. झालं, ठरलं! दादाला डबा मिळाला आणि मला सुई. त्या दिवसापासून बाबा मला कंपाउंडर म्हणायला लागले. आज मी पंचावन्नची आहे, दोन मुली नांदत्या आहेत, पण दादा अजून मला कंपाउंडरच म्हणतो. जंताचं औषध पाजायचं, मी. घोड्यांचे वाढलेले दात कानशीने घासणारा आला की घोड्याचा ओठ पिळून धरायचा, मी. जखम धुवायची, टाके पडताना डोकं दाबून धरायचं, सगळं मी. त्यामुळे मी तबेल्याच्या दारात पाऊल टाकलं की सातही घोडे कान मागे पाडतात. धाकटा जावई म्हणतो, "सासूबाई, तुमचा काय दरारा आहे!" दरारा कसला डोंबलाचा? दादा आत शिरला की तेच सात घोडे खिंकाळून तबेला डोक्यावर घेतात. मी तोंडाने कधी बोलले नाही, पण मला त्याचं वाईट वाटायचं. शेहेचाळीस वर्षं वाटत आलंय.

आमचं काम म्हणजे मुलांना घोड्यावर बसायला शिकवणं. एक रिंगण, सात ठाणं, एक खोगिरांची खोली आणि तिच्या डोक्यावर दोन खोल्या, त्यात दादा-वहिनी राहतात. मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि पहाटे सायकलवर येते. सातांतला सगळ्यात जुना बोका. घोड्याचं नाव आहे ते, हसू नका. शिंगरू असताना मांजराच्या ताटलीतलं दूध पिताना सापडला, तेव्हापासून बोका. आता सतरा वर्षांचा आहे. रंगाने तपकिरी, कपाळावरची झुलपं पार डोळ्यांवर आलेली. नवीन मूल आलं की पहिल्यांदा त्याच्याच पाठीवर बसतं. मूल रडलं की बोका थांबतो, मूल घसरलं की थांबतो, आणि काही झालं नाही तरी मधूनमधून थांबतो. दादाचा सगळा जीव त्याच्यात. वहिनी म्हणते, "मला इतकं गोंजारलं असतं ना, तर मीसुद्धा खिंकाळले असते."

एक दिवस शिकायला येणाऱ्या एका मुलीची आई मला म्हणाली, "तुमच्या त्या म्हाताऱ्या घोड्याच्या डोळ्यात काही गेलंय का हो? सारख्या माशा बसतात."

बघते म्हटलं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रोज इथे राबणारी, आणि बाहेरची बाई येऊन मला सांगते! पण खरं सांगायचं तर बोक्याची उजवी बाजू मी कित्येक महिन्यांत जवळून बघितली नव्हती. मी ठाणात शिरले की तो तोंड कोपऱ्यात घालतो आणि मला ढुंगण दाखवतो. त्याच्या अंगावर काही झालं तर ते दादाच्या हाताला लागायचं आणि दादाने मला सांगायचं, अशी पद्धत.

मी गेले तेव्हा दादा त्याला खरारा करत होता.

"सरक, डोळा बघू दे," मी म्हटलं.

"काही नाही गं. माशी चावली असेल."

"सरक म्हणते ना."

"तुला बघून बिचकतो तो. कशाला उगाच..."

"दादा!"

दादा सरकला. त्यानेच बोक्याचं डोकं धरलं, आणि मी झुलपं वर केली. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, वरच्या पापणीला चिकटून, छोट्या अक्रोडाएवढी गाठ होती. लाल, वरून खरबरीत, कडेने पाणी झिरपणारी. खाली आणखी दोन, वाटाण्याएवढ्या. आणि मोठ्या गाठीच्या बुडाशी चारी बाजूंनी एक बारीक खाच होती, दोऱ्याने आवळावी तशी.

"ही खाच कसली?"

दादाला खोटं बोलता येत नाही. त्याचे कान लाल होतात. तेव्हाही झाले.

मग सगळं बाहेर आलं. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या बोटाला तिथे मुगाएवढं काही लागलं होतं. त्याला वाटलं चामखीळ आहे. बाबा माणसांच्या चामखिळी घोड्याच्या शेपटीच्या केसाने घालवायचे. लांब केस घ्यायचा, बुडाशी गाठ मारायची, रोज थोडा आवळायचा. आठ-दहा दिवसांत चामखीळ सुकून गळते. माझ्या अंगठ्यावरची तशीच गेली होती. लांबून लोक यायचे त्यासाठी बाबांकडे. तर दादाने बोक्याच्याच शेपटीचा केस उपटला आणि बोक्याच्या डोळ्याजवळ बांधला.

"गळून पडली होती गं," दादा म्हणाला. "अगदी साफ. मी म्हटलं, सुटलो."

"आणि मग?"

"दीड-दोन महिन्यांनी परत आली."

"मग परत बांधलास?"

"दोनदा."

"आणि वरून झुलपं विंचरून ठेवलीस. वा! आणि मला सांगायला काय झालं होतं?"

दादा बोक्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "तुला सांगितलं असतं, तर तू सुई घेऊन आली असतीस."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आवाज ऐकून वहिनी जिन्यावर आली, बोका थरथरायला लागला. मी काय कसाई आहे? मला काय हौस आहे टोचायची? दादाने सगळं ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाला, "माझ्यापाशी डोळा देतो तो, कंपाउंडर. पापणीवर बोट ठेवलं तरी हलत नाही. मला वाटलं, त्याला न दुखवता आपलं आपण होऊन जाईल." मी बाहेर आले आणि डॉक्टरला फोन लावला. वरातीमागून घोडं, पण लावला.

जनावरांची डॉक्टर नवी आहे, माझ्या थोरलीच्या वयाची. दादाने बोक्याचं डोकं छातीशी धरलं तेव्हा तिला नीट बघता आलं. बघून झाल्यावर तिने विचारलं, "याला घरी काही केलं होतं का?"

दादा जमिनीकडे बघत होता. मीच म्हटलं, "केस बांधला होता. शेपटीचा."

मला वाटलं आता चांगली हजेरी घेईल. पण ती शांतपणे म्हणाली, "ही चामखीळ नाही. दिसते तशी, पुष्कळ जण फसतात. हा कातडीचा ट्यूमर आहे. पोटात, फुप्फुसात जात नाही; घोडा याने मरत नाही. पण अर्धवट छेडला की चवताळतो. वरचं गळतं, मूळ आत राहतं आणि मग दुप्पट जोराने वर येतं."

दादा पालथ्या बादलीवर बसला.

"कापून टाका मग," मी म्हटलं.

"डोळ्याजवळ सुटी कातडी नसते हो. मुळासकट काढायची तर पापणी जाईल. पापणी गेली की डोळा सुकतो, आणि मग डोळाच काढावा लागतो. त्यापेक्षा गाठीतच औषध टोचू. दर पंधरा दिवसांनी, चार वेळा. मधल्या दिवसांत रोज धुऊन मलम लावायचं, ते थोडं झोंबतं. असंच सोडलं तर सहा महिन्यांत डोळा जाईल."

"एका डोळ्याचा घोडा जगतो का?" वहिनीने जिन्यावरून विचारलं.

"जगतो. पण मुलांना पाठीवर घेऊन फिरणारा घोडा उजवीकडून आलेल्या प्रत्येक आवाजाला दचकायला लागला, तर..."

"डोळा जायचा नाही," दादा म्हणाला. "काय वाटेल ते करा. डोळा जायचा नाही."

आधी मानेत गुंगीची सुई आणि मग डोळ्याजवळची, असं ठरलं. गुंगीची अर्थातच मी देणार. मी औषध भरून ठाणात शिरले, आणि बोक्याने एक बादली फोडली, दादाला भिंतीवर दाबलं आणि माझ्या पायावर पाय ठेवला. तरी मी सुई मारली. शेहेचाळीस वर्षं मारतेय, मला कोण अडवणार? मग आम्ही वीस मिनिटं थांबलो. बोका डोळे वटारून उभा, घामाने निथळलेला, डुलकीचा पत्ता नाही.

"घाबरलेल्या घोड्यावर गुंगी चढत नाही," डॉक्टर म्हणाली. "औषध वाया जातं. आणि असा झटके मारणारा घोडा असेल, तर मी डोळ्यापाशी सुई नेणार नाही. एक हिसका, की सुई बुबुळात. गुंगी देताना तो शांत पाहिजे. ज्यांच्याजवळ तो शांत असतो, त्यांनीच टोचायला हवं."

इथेच तर घोडं पेंड खात होतं.

"नाहीतर दाण्यातून गुंगीची पूड देऊन बघू," डॉक्टर म्हणाली.

"दाण्यात नाही," दादा लगेच म्हणाला. बाबांनी एकदा एका घोडीच्या दाण्यात औषध मिसळलं होतं. तिला कडू लागलं आणि पुढे चौदा दिवस तिने दाणा हुंगलासुद्धा नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती. डॉक्टरला हे सांगितलं तेव्हा तिने खांदे उडवले. "मग तुम्ही टोचा ना, काका. एवढंसं तर काम आहे. उद्या येते मी."

एवढंसं! ती गेल्यावर मी दादाच्या मागोमाग जिना चढले.

"तू नाही टोचायचं," मी म्हटलं. "चार माणसं आणते, दोर बांधते, बघते कसा हलतो ते."

"चार माणसं धरतील आणि तो हिसके मारेल. ऐकलंस ना, ती काय म्हणाली?"

"अरे, पण मग त्याला कोण उरलं?"

"तू."

"मी? आज मला बघून बादली फोडली त्याने!"

"नियम आहे," दादा म्हणाला. "मी सुई घेतली की डबा तुझा."

वहिनी कप विसळत होती. ती म्हणाली, "तुम्हा बहीणभावांच्या नियमापायी त्या मुक्या जनावराचा डोळा चाललाय. कोणीतरी टोचा, कोणीतरी चारा, पण हे कुरुक्षेत्र माझ्या मोरीपाशी नको."

त्या संध्याकाळी मी दादाला संत्र्यावर सुई मारायला शिकवलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, संत्रं इतकं घट्ट धरत होता की पहिली दोन पिचली. वहिनीने ती सोलून आम्हालाच खायला घातली.

दुसऱ्या दिवशी दादा ठाणात गेला. बोक्याने नेहमीसारखं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. दादाने मानेवर थोपटलं, थोपटता थोपटता सुई घातली. बोक्याचा एक कान हलला, बस्स. एवढा विश्वास! दादाकडून काही दुखेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दहा मिनिटांत त्याची मान खाली आली, खालचा ओठ लोंबायला लागला, आणि डॉक्टरने गाठीत सुई घातली. गुंगीतही त्याला कळलं. घशातून एक आवाज आला आणि त्याने डोकं दादाच्या छातीत खुपसलं. दादा हलला नाही. सगळं झाल्यावर खताच्या ढिगामागे जाऊन रडला, लहान मुलासारखा, आवाज करून. मी गेले नाही तिकडे. मला जवळ जाऊन काय बोलायचं ते सुचत नाही.

त्या दुपारपासून बोक्याचा डबा माझ्याकडे आला.

आता मला सांगा, जन्मात कधी दाणा घातलेला नाही, मला काय कळणार? दादा तबेल्याबाहेर भिंतीआड उभा राहून सूचना द्यायचा. "ओला कर. अगं, पेज नको करू! मूठभर कमी घाल. डबा उजव्या हाताला ठेव, त्याला तिकडून सवय आहे." आणि नियम असा की डबा ठेवून पळायचं नाही, खाणं संपेपर्यंत तिथे थांबायचं. बोक्याने मला पाठ दाखवली. दोन दिवस त्याने नुसतं गवत खाल्लं, दाण्याकडे ढुंकून बघितलं नाही. मी पालथ्या बादलीवर बसून त्याला शिव्या घालत होते. "खा, मेल्या, खा. तुझ्यापायी मी घरचा स्वयंपाक सोडून बसलेय. महाराजांना ताट पाट पाहिजे का?" भिंतीआडून दादा म्हणायचा, "अगं, जरा गोड बोल." गोड बोलायला मला कोणी शिकवलंय?

तिसऱ्या दिवशी त्याने खाल्लं. कान मागे पाडून, एक डोळा माझ्यावर ठेवून, पण खाल्लं. आठवड्याने कान सरळ झाले. आणि एक दिवस मी डबा खाली ठेवायच्या आतच त्याने तोंड घातलं, आणि त्याचा गरम श्वास माझ्या मनगटावर आला. तोपर्यंत घोड्याचा श्वास मी फक्त फुरफुरताना, पळू बघताना अंगावर घेतला होता. मी तिथेच गवतावर बसले. पाय चिखलात होते, त्याचंही भान राहिलं नाही. दादाने बाहेरून विचारलं, "खातोय का?" मी डबा तसाच मांडीवर धरून ठेवला.

दादा रोज दुपारी डोळा धुवायचा आणि मलम लावायचा. मलम थोडं झोंबतं असं डॉक्टर म्हणाली होती, पण बोक्याच्या अंगावर काटा यायचा. दुसऱ्या सुईला तो दादाच्या हातांखाली ताठ उभा राहिला. तिसऱ्या सुईला दादाचं खोकणं ऐकूनच त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. गुंगी चढायला पाऊण तास लागला. दादा सगळा वेळ त्याच्याशी बोलत होता. बाळा, राजा, झालंच आता. पण बोका भिंतीकडे बघत होता. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. गाठ सुकत चालली होती, वाटाण्याएवढ्या दोन्ही गेल्या होत्या. ते बघून मी दादाला म्हटलं, "बघ, जातेय." त्याने मान हलवली. त्या महिन्यात दादा पाच किलोने उतरला, असं वहिनी म्हणाली.

चौथ्या सुईच्या दिवशी डॉक्टर आली. दादाच्या पावलांच्या आवाजाने बोका मागे मागे जाऊन कोपऱ्यात भिडलेला आणि मी शिरल्यावर पुढे आलेला, हे तिने बघितलं. ती मला म्हणाली, "आता तर तो तुमच्याजवळ शांत आहे. आणि तुम्हाला सुईची सवय आहे. तुम्हीच टोचता का?"

सरळ प्रश्न होता. उत्तरही सरळ होतं. मला संत्र्यावर शिकायला लागत नव्हतं. दादाचं अंग गळालेलं होतं, डोळे आत गेले होते. एका सुईने त्याची सुटका झाली असती. आणि मी, जिने शेहेचाळीस वर्षं कुठल्याही घोड्याची पर्वा न करता सुया मारल्या, ती मी गप्प उभी राहिले. बोक्याचं नाक माझ्या दंडाला लागलेलं होतं. मला ते घालवायचं नव्हतं.

"नाही," दादाच म्हणाला. "तिचा हात नासवायचा नाही. मी देतो. कंपाउंडर, तू डबा घेऊन पुढे उभी राहा. तू असलीस की तो हलायचा नाही."

आणि तसंच झालं. मी डबा घेऊन पुढे उभी राहिले, बोका माझ्याकडे बघत दाणा चघळत राहिला, आणि दादाने मागून येऊन मानेत सुई घातली. बोका दचकला, मागे वळून बघितलं, दादा दिसला, आणि त्याने तोंड माझ्या काखेत घातलं. गुंगी नीट चढली. डॉक्टरने गाठीत शेवटची सुई दिली. दादा हात धुवायला गेला, तो बराच वेळ आला नाही.

महिन्याभराने गाठीची खपली पडली. तिथे रुपयाएवढा टक्कल पडल्यासारखा डाग राहिला, त्यावर पुढे पांढरे केस आले. पापणी शाबूत. डोळा शाबूत. डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं आणि हसली. "वाचला! पण एक लक्षात ठेवा. ही परत येऊ शकते. रोज, अगदी रोज, तिथे बोट फिरवून बघायचं. जरा दाबून. त्याला आवडणार नाही, जागा कायम हुळहुळी राहील. मुगाएवढं जरी लागलं तरी मला फोन करायचा. कोण बघणार आहे?"

"मी," मी म्हटलं. यावेळी मी गप्प बसले नाही. आठवडाभर मनाशी घोकून ठेवलं होतं. डॉक्टर गेल्यावर मी डबा उचलला आणि दादाच्या हातात दिला. "झालं आता. मलम नाही, सुया नाहीत. बोट मी फिरवत जाईन. घे तुझा डबा."

दादाने डबा घेतला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते बघून मला वाटलं, बरं झालं, वेळेवर सुचलं. त्याने दाणा ओला केला, बेताचा, मूठभर कमी घालून, आणि ठाणात गेला. बोका कोपऱ्यात सरकला. दादाने डबा उजवीकडे ठेवला, तळहातावर थोडा दाणा घेतला आणि हात पुढे करून उभा राहिला. कितीतरी वेळ. बोक्याचे पुढचे पाय थरथरत होते. तो भिंतीकडे बघत होता. हातातला दाणा त्याने डब्यात परत टाकला, डबा उचलला आणि बाहेर येऊन माझ्या हातात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्याकडेच राहू दे."

"अरे, चार दिवस गेले की येईल. इतकी वर्षं तुझ्या अंगाखांद्यावर वाढला तो."

"आणि तोपर्यंत तू रोज डोळा दाबणार. म्हणजे तूही गेलीस आणि मीही गेलो. मग त्याला कोण? त्याचं वय बघ, कंपाउंडर. आता त्याला शिकवायला वेळ नाही. एक तरी माणूस पाहिजे, ज्याची त्याला भीती वाटत नाही. ती तू आहेस." मग नाक शिंकरून म्हणाला, "डोळा मी बघत जाईन. माझ्याच हाताने झालंय ते."

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. दोनदा, चारदा म्हणायला हवं होतं. दादा आहे तो, आग्रह केला असता तर ऐकलं असतं. मी "बरं" म्हटलं आणि डबा घेतला.

आता रोज सकाळी आधी दादा जातो. बोक्याच्या आयाळीपासून शेपटीपर्यंत एक शहारा जातो, पण तो उभा राहतो. दादा डागावरून बोट फिरवतो, दाबतो, "काही नाही," म्हणून सांगतो आणि बाहेर येऊन अंगण झाडायला लागतो. मग मी जाते.

परवा मी सायकल लावत होते. दादाचं आटपून तो झाडायला लागला होता. माझ्या सायकलचा आवाज ऐकून आतून बोका खिंकाळला. मोठ्याने, लांबलचक, पूर्वी दादासाठी खिंकाळायचा तसा. दादाचा झाडू थांबला. त्याने तबेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला हाक मारतोय," तो म्हणाला. "जा लवकर, भूक लागली असेल त्याला."

त्याच्यापाशी थांबून दोन शब्द बोलायला हवे होते, हे मला कळत होतं. पण मला इतका आनंद झाला होता, दादाच्या तोंडासमोर, त्याच्या हातात झाडू असताना, इतका, की तो माझ्या तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली मान घातली आणि डबा उचलून आत गेले.